दोन ऑस्कर जिंकून अभिनय सोडला, २३ वर्षं खासदारकी केली आणि ऐंशीव्या वर्षी 'किंग लिअर' गाजवला!

२०१६ सालचा ऑक्टोबर महिना. लंडनच्या 'ओल्ड व्हिक' या जुन्या नाट्यगृहात शेक्सपिअरचं 'किंग लिअर' लागलं होतं. म्हातारा राजा आपलं राज्य मुलींमध्ये वाटून टाकतो, मुली त्याला घराबाहेर काढतात आणि भर वादळात तो वेडापिसा होऊन भटकतो, अशी ही गोष्ट. शिरवाडकरांच्या 'नटसम्राट'वर याच नाटकाची सावली आहे, त्यामुळे मराठी प्रेक्षकाला ती परकी नाही.

पण लंडनच्या प्रेक्षकांचं लक्ष गोष्टीकडे नव्हतं, राजाकडे होतं. कारण राजाचं काम एक बाई करत होती. तिचं वय होतं ८०. आणि त्याआधीची २५ वर्षं तिने रंगमंचावर पाऊल ठेवलं नव्हतं.

त्या अभिनेत्रीचं नाव ग्लेंडा जॅक्सन.

एके काळी दोन ऑस्कर जिंकलेली ही अभिनेत्री मधली २३ वर्षं ब्रिटनच्या संसदेत बसत होती. कलाकारांनी निवडणूक लढवणं यात आपल्याला नवीन काही वाटत नाही. पण बहुतेक जण निवडून आल्यावरही सिनेमाचा एक पाय सोडत नाहीत. ग्लेंडा यांनी मात्र अभिनय पूर्ण थांबवला आणि पंचवीस वर्षांनी परत आल्या त्या थेट शेक्सपिअरची सगळ्यात अवघड समजली जाणारी भूमिका घेऊन.

त्यांनी अभिनय का सोडला आणि परत का आल्या, हे समजून घ्यायचं तर सुरुवात एका गवंड्याच्या घरापासून करावी लागते.

गवंड्याची मुलगी

ग्लेंडा यांचा जन्म ९ मे १९३६ चा. गाव बर्कनहेड, इंग्लंडच्या वायव्येला, लिव्हरपूलसमोर मर्सी नदीच्या पलीकडच्या काठावर. वडील गवंडीकाम करायचे. आई मिळेल ते काम करून घराला हातभार लावायची. चार बहिणींमध्ये ग्लेंडा सगळ्यात मोठ्या. आईने लेकीचं नाव मात्र हौसेने ठेवलं होतं, ग्लेंडा फॅरेल या हॉलिवूडच्या नटीवरून!

घरात अभिनयाचा कुणालाच गंध नव्हता. सोळाव्या वर्षी शाळा सुटली आणि ग्लेंडा 'बूट्स' या औषधांच्या दुकानात काउंटरवर उभ्या राहिल्या. तिथे दोन वर्षं काढली. संध्याकाळी हौशी नाटक मंडळात जायचं, एवढाच काय तो विरंगुळा. तिथे कुणीतरी सुचवलं म्हणून त्यांनी लंडनच्या 'राडा' या नामांकित नाट्यशाळेत अर्ज केला आणि १९५४ मध्ये शिष्यवृत्ती मिळवून प्रवेश घेतला.

नाट्यशाळेतून बाहेर पडताना तिथल्या प्राचार्यांनी त्यांना एक गोष्ट स्पष्ट सांगितली. चाळिशीच्या आत फारसं काम मिळेल अशी आशा ठेवू नकोस. कारण तू नायिका नाहीस, चरित्र अभिनेत्री आहेस.

याचा अर्थ सोपा होता. त्या काळच्या इंग्रजी रंगभूमीला तरुण मुलगी हवी होती ती गोड चेहऱ्याची, गोड आवाजाची. ग्लेंडा यांचा चेहरा टोकदार होता, आवाज धारदार होता आणि नजर समोरच्याला अवघडायला लावणारी होती. अशा बाईला आई, मावशी, शेजारीण अशीच कामं मिळणार. त्यासाठी वय तर वाढायला हवं!

कामासाठी वणवण

पहिली काही वर्षं प्राचार्यांचं म्हणणं खरं ठरतंय असंच वाटत होतं. १९५७ मध्ये व्यावसायिक रंगभूमीवर पहिलं काम मिळालं. पुढे गावोगावच्या रेपर्टरी कंपन्यांमध्ये फिरती सुरू झाली. रेपर्टरी म्हणजे छोट्या शहरातली कायमची नाटक कंपनी. एक नाटक चालू असताना दिवसा दुसऱ्याची तालीम करायची आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी नाटक बदलायचं. पगार बेताचा आणि काम कधी बंद होईल याचा नेम नाही.

काम नसेल तेव्हा ग्लेंडा हॉटेलात वाढायचं काम करत, कुठे ऑफिसात बसत. १९५८ मध्ये रॉय हॉजेस या सहकलाकाराशी लग्न झालं होतं. दोघांचीही कमाई अशीच अधूनमधून. या काळाचा त्यांच्या स्वभावावर कायमचा ठसा उमटला. पुढे कितीही नाव झालं तरी अभिनय ही त्यांच्या लेखी कधी 'कलेची साधना' वगैरे झाली नाही. ते काम होतं. वेळेवर जायचं, पाठांतर चोख ठेवायचं, काम संपलं की घरी यायचं.

पीटर ब्रुक यांनी ओळखलं

१९६४ मध्ये चित्र बदललं. रॉयल शेक्सपिअर कंपनीत दिग्दर्शक पीटर ब्रुक एक वेगळा प्रयोग करत होते. (हेच ब्रुक पुढे १९८० च्या दशकात महाभारतावरचं नऊ तासांचं नाटक घेऊन आले आणि भारतातही त्यांचं नाव चर्चेत राहिलं.) ब्रुक यांना गोड चेहरे नको होते. प्रेक्षकाला अस्वस्थ करतील असे नट हवे होते.

त्यांच्या 'मारा/साद' या नाटकात वेड्यांच्या इस्पितळातले रुग्ण फ्रेंच राज्यक्रांतीवर नाटक करतात, असा प्रकार होता. त्यात ग्लेंडा झाल्या शार्लट कॉर्डे, म्हणजे क्रांतिकारक माराचा खून करणारी तरुणी. आजारी, पेंगुळलेली, मध्येच भानावर येणारी. एका प्रसंगात ही बाई साद या पात्राला चाबकाऐवजी स्वतःच्या लांब केसांनी फटके मारते. लंडनमध्ये हे नाटक गाजलं, न्यूयॉर्कला गेलं आणि १९६७ मध्ये त्यावर सिनेमाही आला.

जो चेहरा नायिकेसाठी चालत नव्हता, तोच आता लोकांच्या लक्षात राहू लागला होता.

पहिला ऑस्कर

दिग्दर्शक केन रसेल यांनी डी. एच. लॉरेन्सच्या कादंबरीवर 'विमेन इन लव्ह' हा सिनेमा करायला घेतला. त्यातल्या गुड्रनच्या भूमिकेसाठी त्यांनी ग्लेंडा यांना निवडलं. गुड्रन ही शिल्पकार आहे. हुशार, हट्टी आणि पुरुषाच्या प्रेमात स्वतःला विरघळू न देणारी. चित्रीकरणाच्या वेळी ग्लेंडा गरोदर होत्या आणि तशाच अवस्थेत त्यांनी काम पूर्ण केलं. १९६९ च्या मार्चमध्ये त्यांना मुलगा झाला आणि त्याच वर्षी सिनेमा ब्रिटनमध्ये झळकला.

या भूमिकेसाठी १९७१ मध्ये त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा ऑस्कर जाहीर झाला. वय होतं ३४. चाळिशीची वाट पाहायला सांगणाऱ्या प्राचार्यांचा अंदाज चुकला होता.

ग्लेंडा मात्र सोहळ्याला गेल्याच नाहीत. दुसऱ्या ऑस्करच्या वेळीही गेल्या नाहीत. दोन्ही बाहुल्या गेल्या आईकडे. ग्लेंडा सांगायच्या, की आईने त्या इतक्या घासून घासून पुसल्या की वरचा सोनेरी मुलामा निघून आतला साधा धातू दिसायला लागला. बक्षिसांचं खरं रूप हेच, अशी पुस्तीही त्या वर जोडत.

एकाच वर्षात राणी आणि विनोदी नटी

१९७१ हे वर्ष त्यांच्या कारकिर्दीतलं सगळ्यात धावपळीचं. बीबीसीने राणी पहिली एलिझाबेथ हिच्यावर 'एलिझाबेथ आर' ही सहा भागांची मालिका केली. तरुण राजकन्येपासून मरणाला टेकलेल्या म्हाताऱ्या राणीपर्यंतचा सगळा प्रवास ग्लेंडा यांनी एकटीने उभा केला. राणीचं कपाळ चित्रांमध्ये खूप रुंद दिसतं. तसं दिसावं म्हणून त्यांनी टोप लावून काम भागवलं नाही, डोक्याच्या पुढच्या भागावरचे केस चक्क भादरून टाकले! मालिका अमेरिकेत दाखवली गेली आणि ग्लेंडा यांना दोन एमी पुरस्कार मिळाले. त्याच वर्षी 'मेरी, क्वीन ऑफ स्कॉट्स' या सिनेमातही त्या पुन्हा एलिझाबेथच झाल्या. 'संडे ब्लडी संडे' हा सिनेमाही त्याच वर्षीचा. त्यासाठी त्यांना बाफ्टा मिळाला.

आणि हे सगळं चालू असताना त्या मोरकम आणि वाइज या ब्रिटनच्या लाडक्या विनोदी जोडीच्या कार्यक्रमात जाऊन आल्या. तिथे त्या झाल्या क्लिओपात्रा, तीही पार थट्टेतली. एवढी गंभीर नटी असा दंगा करू शकते हे पाहून प्रेक्षक चाट पडले. मेल्विन फ्रँक या दिग्दर्शकाने तो कार्यक्रम पाहिला आणि आपल्या 'अ टच ऑफ क्लास' या विनोदी सिनेमासाठी त्यांना घेतलं. १९७४ मध्ये याच सिनेमासाठी त्यांना दुसरा ऑस्कर मिळाला. तेव्हा मोरकम आणि वाइज यांच्याकडून तार आली, आमच्याबरोबरच राहा, तिसराही मिळवून देतो, असा किस्सा सांगतात.

'हेड्डा'साठी १९७६ मध्ये चौथ्यांदा ऑस्करचं नामांकन झालं. म्हणजे सहा वर्षांत चार नामांकनं आणि त्यातले दोन विजय.

मग कामं आटली

इथून पुढे गोष्ट अवघड होते. ग्लेंडा चाळिशी ओलांडून पन्नाशीकडे निघाल्या. नाट्यशाळेतल्या हिशोबाप्रमाणे चरित्र अभिनेत्रीचे खरे दिवस आता यायला हवे होते. आले नाहीत.

नाटकं मिळत होती. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर त्यांनी 'रोज', 'स्ट्रेंज इंटरल्यूड', 'मॅकबेथ' केली. पण सिनेमातल्या भूमिका लहान होत गेल्या. १९८९ मध्ये केन रसेल यांनी लॉरेन्सच्याच 'द रेनबो' या कादंबरीवर सिनेमा केला. 'विमेन इन लव्ह'च्या आधीची ही गोष्ट. त्यात ग्लेंडा होत्या गुड्रनच्या आईच्या भूमिकेत! वीस वर्षांपूर्वी ज्या पात्राने ऑस्कर मिळवून दिला, त्याच पात्राची आता त्या आई झाल्या होत्या.

त्यांची तक्रार मात्र स्वतःच्या वयाबद्दल नव्हती, नाटककारांबद्दल होती. आजचे लेखक गोष्टीचं इंजिन म्हणून बाईकडे पाहतच नाहीत, बाई कायम कुणाची तरी आई, बायको, प्रेयसी म्हणून बाजूला उभी असते, असं त्या मुलाखतींमधून सांगत राहिल्या. शेवटपर्यंत त्यांचं हे मत बदललं नाही.

दुसरीकडे राजकारण त्यांना अस्वस्थ करत होतं. त्या तरुणपणापासून मजूर पक्षाच्या सदस्य होत्या. १९७९ पासून पंतप्रधान असलेल्या मार्गारेट थॅचर यांनी सरकारी उद्योग विकले, कामगार संघटनांचं बळ मोडलं, सार्वजनिक खर्चाला कात्री लावली. ग्लेंडा गवंड्याच्या घरातून शिष्यवृत्तीवर शिकून वर आल्या होत्या. आपल्याला ज्या सरकारी शिडीने वर नेलं तीच शिडी आता काढून घेतली जातेय, अशी त्यांची भावना होती.

पंचावन्नाव्या वर्षी नवी नोकरी

एप्रिल १९९२ मध्ये लंडनमधल्या हॅम्पस्टेड अँड हायगेट मतदारसंघातून ग्लेंडा मजूर पक्षातर्फे उभ्या राहिल्या. त्या भागाची जागा १९७० पासून हुजूर पक्षाकडे होती. देशात मजूर पक्ष हरला, पण ग्लेंडा जिंकल्या. वय होतं ५५.

त्या दिवसापासून अभिनय बंद. लोकांनी पूर्ण वेळच्या कामासाठी निवडून दिलंय, मग मध्येच शूटिंगला कसं जायचं, असा त्यांचा साधा हिशोब होता. नटीला कोण गंभीरपणे घेणार, हा प्रश्न त्यांनी मतदारसंघातल्या तक्रारी ऐकून, घरांचे आणि भत्त्यांचे अर्ज हाताळून सोडवला.

राजकारणात त्या फार वर गेल्या नाहीत, हेही खरं. १९९७ मध्ये टोनी ब्लेअर यांच्या सरकारात वाहतूक खात्याच्या कनिष्ठ मंत्री झाल्या. १९९९ मध्ये लंडनच्या महापौरपदाची उमेदवारी मिळवण्यासाठी मंत्रिपद सोडलं, पण पक्षाने उमेदवारी दुसऱ्याला दिली. २००३ मध्ये इराक युद्धावरून त्यांनी स्वतःच्याच पंतप्रधानांना उघड विरोध केला. अशा खासदाराला पुन्हा मंत्रिपद मिळत नसतं, आणि मिळालंही नाही. २०१० मध्ये हॅम्पस्टेड अँड किलबर्न या नव्या रचनेतल्या मतदारसंघातून त्या फक्त ४२ मतांनी निवडून आल्या.

सोशल मीडियावर आजही त्यांचा जो व्हिडिओ फिरतो, तो सिनेमाचा नाही, संसदेतला आहे. एप्रिल २०१३ मध्ये थॅचर यांचं निधन झालं आणि संसदेत श्रद्धांजलीसाठी खास बैठक भरली. एकामागून एक स्तुतिपर भाषणं चालू होती. ग्लेंडा उभ्या राहिल्या आणि थॅचर यांच्या काळात आपल्या मतदारसंघात काय झालं ते सांगायला लागल्या. गळकी इस्पितळं, मोडक्या शाळा, दुकानांच्या दारात झोपणारी बेघर माणसं. समोरच्या बाकांवरून आरडाओरडा सुरू झाला, तरी त्या थांबल्या नाहीत. मेलेल्या माणसाबद्दल अशा वेळी असं बोलावं का, यावर तेव्हा मतं विभागली गेली आणि आजही विभागलेली आहेत. संसदेच्या नियमाबाहेर मात्र त्यांनी काही केलं नव्हतं, हे सभापतींनी तिथेच स्पष्ट केलं.

२०१५ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी त्यांनी निवडणूक न लढवता खासदारकी सोडली.

राजा का व्हायचं?

निवृत्तीनंतर काही महिन्यांतच त्यांनी बीबीसी रेडिओवर एमिल झोलाच्या कादंबऱ्यांवरच्या मालिकेत १०४ वर्षांच्या आजीचं काम केलं. आवाज शाबूत होता. मग स्पेनची ज्येष्ठ अभिनेत्री नुरिया एस्पर्ट हिने बार्सिलोनात केलेला 'लिअर' त्यांनी पाहिला आणि मनात किडा वळवळला.

बाईने राजा का व्हायचं, याचं त्यांचं उत्तर खासदारकीतून आलं होतं. मतदारसंघातल्या वृद्धाश्रमांना त्या नेहमी भेट देत. तिथे त्यांच्या लक्षात आलं होतं, की माणूस जसजसा म्हातारा होतो तसतशी बाई आणि पुरुष यांच्यातली रेघ पुसट होत जाते. बायका ठाम होतात, पुरुष हळवे होतात. लिअर हा तर नाटकातच ऐंशी पार केलेला म्हातारा आहे. मग तो बाईने केला तर बिघडलं कुठे?

'ओल्ड व्हिक'मध्ये डेबोरा वॉर्नर यांच्या दिग्दर्शनाखाली त्यांनी तीन तासांहून जास्त चालणारा हा प्रयोग रोज केला. ना मिशा लावल्या, ना आवाज घोगरा केला. चिडलेला, हट्टी, घाबरलेला म्हातारा त्यांनी केवळ शब्दांच्या जोरावर उभा केला. पंचवीस वर्षांत त्यांचा आवाज बसला नव्हता, कारण संसदेच्या गोंगाटात तो रोज वापरात होता. या भूमिकेसाठी त्यांना लंडनचा मानाचा ईव्हिनिंग स्टँडर्ड पुरस्कार मिळाला.

पुढची वर्षं थक्क करणारी आहेत.

२०१८ मध्ये ब्रॉडवेवर 'थ्री टॉल विमेन' केलं आणि ८२ व्या वर्षी टोनी पुरस्कार मिळाला. याआधी चार वेळा नामांकन होऊन तो हुकला होता. ऑस्कर, एमी आणि टोनी हे तिन्ही अभिनय पुरस्कार मिळवणाऱ्या मोजक्या कलाकारांत त्यांचं नाव गेलं. २०१९ मध्ये त्यांनी 'लिअर' नव्या संचात ब्रॉडवेवर केला. त्याच वर्षी बीबीसीच्या 'एलिझाबेथ इज मिसिंग' या टेलिफिल्ममध्ये त्यांनी स्मृतिभ्रंश झालेल्या मॉड नावाच्या आजीचं काम केलं. मैत्रीण हरवली आहे हे तिला पक्कं ठाऊक आहे, पण बाकी सगळं ती विसरत चालली आहे. सुमारे २७ वर्षांनी पडद्यावर आलेल्या ग्लेंडा यांना यासाठी बाफ्टा आणि आंतरराष्ट्रीय एमी मिळाला.

लिअर, 'थ्री टॉल विमेन'मधली नव्वदी पार केलेली बाई आणि मॉड. तिन्ही भूमिकांत म्हातारं माणूस गोष्टीच्या मधोमध आहे, कोपऱ्यात खुर्चीवर नाही. ज्या भूमिका पन्नाशीत त्यांना कुणी लिहून दिल्या नाहीत, त्या ऐंशीनंतर त्यांनी मिळवल्या. त्यातली सगळ्यात मोठी तर पुरुषाच्या नावाची होती.

शेवटचा सिनेमा

'द ग्रेट एस्केपर' हा त्यांचा अखेरचा सिनेमा. दुसऱ्या महायुद्धात लढलेले एक ८९ वर्षांचे आजोबा २०१४ मध्ये कुणालाही न सांगता वृद्धाश्रमातून निघून फ्रान्सला नॉर्मंडीच्या स्मृतिसोहळ्याला गेले होते. त्या खऱ्या घटनेवर हा सिनेमा आहे. आजोबांच्या भूमिकेत मायकेल केन आणि त्यांच्या पत्नीच्या भूमिकेत ग्लेंडा. या दोघांनी १९७५ मध्ये 'द रोमँटिक इंग्लिशवुमन'मध्येही नवरा-बायकोचं काम केलं होतं. जवळपास पन्नास वर्षांनी ते पुन्हा पडद्यावर एकत्र आले.

सिनेमा ऑक्टोबर २०२३ मध्ये प्रदर्शित झाला. त्याआधीच, १५ जून २०२३ रोजी, लंडनमधल्या राहत्या घरी ग्लेंडा जॅक्सन यांचं निधन झालं. त्या ८७ वर्षांच्या होत्या.

त्यांचं काम पाहायचं असेल तर सुरुवात 'एलिझाबेथ इज मिसिंग'पासून करा. मग मागे जाऊन 'एलिझाबेथ आर' पाहा. दोन्हींच्या नावात एलिझाबेथ आहे आणि मध्ये ४८ वर्षं आहेत. पहिल्यात सगळं विसरत चाललेली आजी, दुसऱ्यात कुणालाच न विसरणारी राणी. चेहरा बदललेला दिसेल, पण समोरच्याला अवघडायला लावणारी ती नजर तीच आहे.